फाइलमधे फंक्शन्स कुठल्या क्रमाने लावता? मेन वर की खाली?

सेमीकोलन_हरवला

मंडळी, ऑफिसात एका फाइलवरून चांगलीच जुंपली म्हणून हा धागा. विषय ऐकायला फालतू आहे हे आधीच कबूल करतो.

तर आमच्याकडे पायथन भाषेतल्या प्रोग्रॅमची एक फाइल आहे, अकराशे ओळींची, बिलं तयार करून मेल करणारी, आणि गेल्या सहा वर्षांत टीममधे जो जो आला त्याने आपलं फंक्शन (एका कामाचा, नाव दिलेला कोडचा तुकडा) शेवटी चिकटवलं आणि पुढच्या नोकरीला गेला. त्यामुळे फाइल वाचली की टीमचा इतिहास कळतो, बिल कसं बनतं ते मात्र कळत नाही. कर काढणारं फंक्शन ८० व्या ओळीला, त्याला लागणारं राउंडिंगचं ९४० ला, आणि मधे पीडीएफ, मेल, लॉगिंग, शिवाय "टेम्प" नावाचं एक फंक्शन ज्याला हात लावायची कोणाची छाती होत नाही. मी शनिवारी बसून सगळं लावलं. वर मुख्य फंक्शन, म्हणजे मेन, जिथून सगळं सुरू होतं, त्याखाली ते ज्यांना बोलावतं ती त्याच क्रमाने, त्याखाली त्यांची हेल्पर, म्हणजे मदतीची छोटी फंक्शन्स. लॉजिकची एक ओळ बदलली नाही. सोमवारी पीआर (बदल तपासून घ्यायची विनंती) टाकला तर सीनियरने लिहिलं "कशाला? नावावर कंट्रोल दाबून क्लिक केलं की त्या फंक्शनपाशी पोचतोच ना." दुसरी म्हणाली लावायचंच तर अल्फाबेटिकल लाव, भांडण नको. तिसऱ्याने तो लाल-हिरवा डिफ (काढलेल्या-घातलेल्या ओळींची यादी) बघून पीआर उघडलाच नाही.

तुम्ही कसं लावता आणि का? "आमच्याकडे स्टाइल गाइड आहे" हे उत्तर चालेल, पण मग त्यात काय लिहिलंय ते सांगा.

तळटीप

मेन खाली. विषय संपला. :)

बरं, कारण देतो. आम्ही सी शिकलो ते कॉलेजच्या लॅबमधे निळ्या पडद्याच्या टर्बो सी वर. तिथे फ्लोट (दशांश आकडा) परत देणारं फंक्शन मेनच्या खाली लिहिलं आणि वर डिक्लरेशन द्यायचं, म्हणजे आधी त्याचं नाव नोंदवायचं राहिलं की "टाइप मिसमॅच इन रीडिक्लरेशन" म्हणून बोंब. कारण जुन्या सी मधे अनोळखी फंक्शन दिसलं की कंपायलर (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) मनातल्या मनात धरून चालायचा की हे इंट (पूर्णांक) परत देणार, आणि मग खाली खरं फंक्शन भेटलं की त्याची पंचाईत (सी९९ मधे हे गृहीत धरणं काढून टाकलं). तीच फाइल चुकून डॉट सीपीपी नावाने, म्हणजे सी++ म्हणून, सेव्ह झाली असेल तर "फंक्शन शुड हॅव अ प्रोटोटाइप". सरांनी कारण कधी सांगितलं नाही, फक्त म्हणाले फंक्शन वर घ्या. वर घेतलं, चाललं, जर्नलवर सही मिळाली. आता गो नावाच्या भाषेत लिहितो, तिथे क्रमाने काडीचा फरक पडत नाही, तरी माझं मेन तळाला.

आणि ही नुसती सवय नाही हां, फायदा पण आहे. लिनक्स कर्नलमधला कुठलाही ड्रायव्हर उघडा. वर छोटी छोटी स्टॅटिक फंक्शन्स, खाली त्यांचे पत्ते भरलेलं स्ट्रक्चर, आणि अगदी शेवटी मॉड्यूल रजिस्टर करणाऱ्या ओळी. तळाशी जायचं आणि वर सरकत यायचं, सगळं लागतं. उर्दूवाले उजवीकडून वाचतात, आम्ही खालून.

घाटमाथा

@तळटीप, हे म्हणजे चाळीत पहाटे चारला पाणी यायचं म्हणून आता फ्लॅटमधे पण चारला उठण्यातला प्रकार झाला.

तुमचा क्रम तुम्ही निवडलेला नाही, कंपायलरने निवडलाय. तो बिचारा वरून खाली एकदाच वाचायचा, मेमरी कमी, मागे वळून बघायची सोय नाही. टर्बो पास्कल पण तसाच. दोन प्रोसिजर एकमेकींना बोलावणाऱ्या असल्या की एकीला "फॉरवर्ड" म्हणून आधी नाव नोंदवून ठेवावं लागायचं, नाहीतर गाडी पुढे सरकत नसे. मुख्य बिगिन-एंड कायम तळाला.

संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी यावर वेगळाच मार्ग काढला. १९८४ मधे त्यांनी लिटरेट प्रोग्रॅमिंग या नावाने लेख लिहिला, त्यात वेब नावाची सिस्टिम होती (इंटरनेटवालं वेब नव्हे, ते नंतरचं). माणसाला समजावून सांगताना ज्या क्रमाने सांगाल त्या क्रमाने लिहा, मग टँगल नावाचा प्रोग्रॅम ते तुकडे उचलून पास्कलला हवे तसे लावून देणार. टेक हे त्यांचं टाइपसेटिंगचं सॉफ्टवेअर असंच लिहिलंय. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी एका माणसाने मशीनचा क्रम आणि माणसाचा क्रम वेगळा करून दाखवला, आणि आपण अजून मेन खाली की वर करत बसलोय.

माझं मत धागाकर्त्यासारखंच. वरून खाली. पेपरात आधी मथळा, मग बातमी, मग तपशील. 'क्लीन कोड' पुस्तकाचे लेखक रॉबर्ट मार्टिन यांनी यालाच स्टेपडाउन रूल म्हटलंय. बाकी त्यांचं सगळंच मला पटतं असं नाही, चार-चार ओळींच्या फंक्शन्सचा त्यांचा सोस तर अजिबात नाही, पण हे पटतं.

जुनं_खोड

तुम्ही पोरं आवडीनिवडीचं बोलताय. आमच्या वेळी क्रम चुकला की पैसे चुकायचे.

कोबोल या जुन्या भाषेत सबरूटीनच्या (तुमच्या फंक्शनच्या) जागी पॅराग्राफ असतो. "परफॉर्म अमुक" म्हटलं तर तो एक पॅराग्राफ चालतो. पण "परफॉर्म अमुक थ्रू तमुक" म्हटलं तर अमुकपासून तमुकपर्यंत फाइलमधे जे जे पॅराग्राफ एकाखाली एक लिहिलेत ते सगळे चालतात. नावाने नाही, जागेने! म्हणून आम्ही नावाआधी नंबर लावायचो. १००० ची सुरुवात, २००० चं मुख्य काम, त्यात २१००, २२००, आणि ९००० ला फाइली बंद करणं. छिद्रं पाडलेल्या लांबलचक कागदावर प्रिंटआउट काढायचा, टेबलावर पसरायचा, आणि "परफॉर्म ४३००" दिसलं की कागद किती मागेपुढे उलटायचा याचा हाताला अंदाज असायचा. तुमचं कंट्रोल-क्लिक ते हेच.

आता किस्सा. १९९३ किंवा ९४ असेल, एका बँकेचं काम, नाव सांगत नाही. टीममधल्या एका हुशार मुलाने सर्व्हिस चार्ज कापायचा नवीन पॅराग्राफ लिहिला, नंबर दिला २२५०, आणि नंबराच्या शिस्तीप्रमाणे नेऊन ठेवला २२०० आणि २३०० च्या मधे. शिस्त एकदम बरोबर. आणि वरून त्याला वेगळा परफॉर्म पण केला. पण कोणीतरी वर्षांपूर्वी व्याजासाठी "परफॉर्म २१०० थ्रू २३००" लिहून ठेवलं होतं. झालं, चार्ज दोनदा. टेस्टिंगमधे सापडलं म्हणून वाचलो, कारण एक बाई रोज कागदावर पाच खात्यांचा हिशोब हाताने करून बघायच्या. त्या पाचातलं एक खातं जुळेना. दोन दिवस आम्ही तिघं कोड बघतोय, कोडमधे चूकच नाही, प्रत्येक ओळ बरोबर. चूक होती ती ओळ कुठे आहे त्यात.

त्यानंतर आमच्या टीममधे थ्रू लिहायचं तर फक्त स्वतःच्या एक्झिट पॅराग्राफपर्यंत, असा नियम झाला.

सेमीकोलन_हरवला

काका _/\_ हा किस्सा उद्या स्टँडअपला (टीमच्या रोजच्या मीटिंगला) सांगतो. "जागेने, नावाने नाही" हे ऐकून अंगावर काटा आला खरंच.

पण मी पण तसाच थोडा आपटलो होतो, पहिल्या पोस्टमधे सांगायचं टाळलं. पायथनमधे फंक्शनच्या आतलं नाव ते चालेल तेव्हा शोधलं जातं, म्हणून वरचं फंक्शन खालच्याला बिनधास्त बोलावू शकतं. त्या भरवशावर मी सगळी हेल्पर खाली ढकलली, त्यात "रीट्राय" नावाचा आमचा डेकोरेटर (दुसऱ्या फंक्शनवर चढवायचं आवरण) पण खाली गेला. डेकोरेटर तर डेफ (फंक्शनची व्याख्या) वाचतानाच लागतो. फाइल इंपोर्टच होईना, नेमएरर. पाच मिनिटात सुधारलं, पण "फक्त जागा बदलल्या, काही होत नाही" हे वाक्य मी रिव्ह्यूत छातीठोकपणे लिहून बसलो होतो.

किरकोळ_माल

बेसिकवाले कुठे गेले सगळे? घरी झेडएक्स स्पेक्ट्रम हा जुना कॉम्प्युटर होता, रबरी बटणांचा. त्यात गोसब म्हटलं (सबरूटीनला बोलावलं) की मशीन प्रत्येक वेळी पहिल्या ओळीपासून शोधत यायचं, म्हणून जी सबरूटीन गेममधे सारखी लागायची ती अगदी वर ठेवायची आणि पहिल्या ओळीत गोटू मारून त्यांच्यावरून उडी घ्यायची. वाणी कसा साखर-चहा-तेल हाताशी ठेवतो आणि हिंगाचा डबा माळ्यावर, तसं. वाचायला भयंकर पण गेम जरा तरी पळायचा.

आता हे लागू नाही. जीसीसी हा कंपायलर ऑप्टिमाइझ करताना फंक्शन्स स्वतःच हलवतो, जास्त चालणारी एका बाजूला, क्वचित चालणारी दुसऱ्या बाजूला. तुम्ही फाइलमधे कसंही मांडा.

अनुस्वार

अल्फाबेटिकलची बाजू कोणीच घेत नाहीये म्हणून मी घेते. (ऑफिसातली ती "दुसरी" मी नाही, पण असते तरी चाललं असतं.)

एक, वाद संपतो. "हे याच्या आधी की नंतर" यावर रिव्ह्यूत वीस मिनिटं जात नाहीत. दोन, आणि हे महत्त्वाचं, सगळे जण फाइलच्या शेवटी फंक्शन चिकटवतात तेव्हा दोघांच्या ब्रँच (कोडच्या आपापल्या प्रती) त्याच जागी धडकतात आणि मर्ज कॉन्फ्लिक्ट येतो, म्हणजे दोन्ही बदल आपोआप एकत्र होत नाहीत, दर वेळी. अल्फाबेटिकल लावलं की नवीन फंक्शन्स फाइलभर विखुरतात आणि धडका खूप कमी होतात. आमच्या नऊ जणांच्या टीमला याचा खरंच फायदा झालाय.

घाटमाथा

@अनुस्वार ताई, कॉन्फ्लिक्टचा मुद्दा मान्य, तो मी कधी विचारातच घेतला नव्हता. पण आमच्याकडे शंभरातली साठ फंक्शन्स "गेट" ने सुरू होतात, त्यांचं काय करू? शिवाय उद्या "कॅल्क्युलेट" चं नाव बदलून "कॉम्प्युट" केलं की ते उठून दुसऱ्या गल्लीत राहायला जाणार, आणि कोणाचा कोणाशी संबंध आहे ते कळायचंच नाही. टेलिफोन डिरेक्टरीत नवरा-बायकोची आडनावं वेगळी असली तर ते एका घरात राहतात हे कळायचं का?

अनुस्वार

डिरेक्टरी नंबर शोधायला असते, संसार बघायला नाही. :D

वाईम_आणि_वडा

कसाही क्रम लावा पण सी मधे फंक्शनचं नाव ओळीच्या सुरुवातीला लिहा, परत मिळणारा टाइप वरच्या ओळीवर. ग्नू प्रकल्पवाले असंच सांगतात. मग ग्रेपला (शोधायच्या कमांडला) टोपी (^, म्हणजे ओळीची सुरुवात) आणि नाव दिलं की थेट व्याख्याच सापडते, बोलावलेल्या चाळीस जागा मधे येत नाहीत.

कानसेन

मी बराच वेळ लिहू की नको करत होतो. "कंट्रोल दाबून क्लिक केलं की पोचतो" यावर लिहायचंय.

मला दिसत नाही, मी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर लावून कोड ऐकतो. तुम्ही फाइल उघडली की एका नजरेत तिचा आकार घेता, कुठे मोठा ब्लॉक आहे, कुठे रिकाम्या ओळी आहेत. माझ्यासाठी फाइल ही रांग आहे, एकामागून एक. व्याख्येवर उडी मला पण मारता येते, मारतो, आउटलाइनची यादी पण वापरतो. पण प्रत्येक उडीनंतर मी कुठून आलो होतो ते डोक्यात धरून ठेवावं लागतं, आणि तीन उड्यांनंतर चौथी मारली की पहिली निसटते. तुम्हाला मागचा टॅब कोपऱ्यात दिसत तरी असतो. बोलावणारं फंक्शन संपलं आणि लगेच खाली बोलावलेलं आलं तर मी खाली बाण दाबत गोष्ट ऐकल्यासारखा ऐकतो. धागाकर्त्याने शनिवारी केलं ते माझ्यासारख्याचं अर्ध्या दिवसाचं काम वाचवणारं आहे.

आणि एक विनंती. विभाग दाखवायला कॉमेंटमधे बरोबरच्या चिन्हांची ती लांबलचक सजावट करता ना, ती नका करू. ती मला ऐकावी लागते. साध्या शब्दात "इथून पीडीएफ" लिहिलं तरी पुरतं.

सेमीकोलन_हरवला

@कानसेन, बरं झालं लिहिलंत. त्या सजावटीच्या ओळी माझ्याच होत्या. काढतो.

मधुघट७

एवढं सगळं वाचून मला आपलं ताट आठवलं. मीठ वरती मधे, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, उजवीकडे भाजी, आमटी, मधे भात. पंगतीला वाढणारा दहा वर्षांचा मुलगा असो की सत्तरीचे आजोबा, चटणी कुठे पडणार हे खाणाऱ्याला ठाऊक. त्यात चटणी आधी की भाजी असं कोणी अकारविल्हे लावत नाही, आणि कोण कोणाला बोलावतो असंही नाही. तोंडी लावायचं एका बाजूला, पोटभरीचं दुसऱ्या बाजूला. मी जावा लिहिते आणि तसंच लावते, कामाप्रमाणे गट. सन कंपनीची जावाची जुनी नियमावली होती, १९९९ ची, तिच्यात पण हेच होतं की मेथड (म्हणजे फंक्शन्स) कामाप्रमाणे एकत्र ठेवा, पब्लिक-प्रायव्हेट (बाहेरून वापरता येणारी-न येणारी) प्रमाणे नको. पब्लिक मेथडच्या मधे एखादी प्रायव्हेट आली तरी चालेल. गूगलची जावा नियमावली तर ठराविक क्रम सांगतच नाही, फक्त म्हणते की काहीतरी तर्क असावा जो विचारल्यावर सांगता येईल, आणि नवीन आलेलं सवयीने शेवटी चिकटवणं हा तर्क धरत नाहीत. धागाकर्त्याची सहा वर्षांची फाइल तिथेच नापास.

याउलट माझा नवरा सी शार्पवाला, त्यांना स्टाइलकॉप नावाची, कोडची मांडणी तपासणारी, सासू आहे. ती म्हणते पब्लिक आधी, प्रायव्हेट नंतर, आणि त्या त्या गटात स्टॅटिक आधी. म्हणजे सगळ्या चटण्या एका ताटात आणि सगळ्या भाज्या दुसऱ्या. घरात यावर बोलणं बंद आहे.

एफ०१

आयडीवरून ओळखलं असेल, सॅपवाला. आमच्या एबॅप या सॅपच्या भाषेत हा प्रश्न फाइलींवर ढकललाय. मॉड्यूल पूल (स्क्रीनवाला प्रोग्रॅम) केला की टॉप नावाच्या इन्क्लूड फाइलमधे डेटा, ओ०१ मधे स्क्रीन दिसायच्या आधीचं, आय०१ मधे बटण दाबल्यानंतरचं, आणि एफ०१ मधे सगळी सबरूटीन्स, ज्यांना फॉर्म म्हणतात. कुठल्याही कंपनीत जा, पुणे असो की ऱ्हाइनकाठ, बसल्या जागी कळतं कुठे बघायचं. ताटाचं उदाहरण म्हणून आवडलं.

फक्त एफ०१ च्या आत बघू नका. आत पाच हजार ओळींची जत्रा असते, आणि तिथला क्रम म्हणजे कोण कधी प्रोजेक्टवर आला तो.

म्युनिककर

एफ शार्प लिहितो. तिथे वादच नाही, जे वर लिहिलंय तेच खाली वापरता येतं, आणि हे एका फाइलपुरतं नाही, प्रोजेक्टमधल्या फाइलींचा पण क्रम ठरवून द्यावा लागतो. एकमेकांना बोलावणारी दोन फंक्शन्स हवी असतील तर रेक आणि अँड हे शब्द लावून जोडीने लिहायची. पहिले दोन महिने शिव्या घातल्या. मग लक्षात आलं की नवीन प्रोजेक्ट उघडला की पहिल्या फाइलपासून सरळ वाचत जाता येतं, पुढचं काही माहीत असायची गरज नाही, आणि दोन फाइली एकमेकींच्या गळ्यात गळा घालून बसल्यात असं होऊच शकत नाही. @तळटीप, तुमचं मेन खाली इथे कायद्याने आहे. या राहायला.

तळटीप

चाळीत परत जागा मिळाली म्हणायची!

वाईम_आणि_वडा

बाकी धागाकर्त्या, तुझा पीआर तिसऱ्याने उघडला नाही यात त्याची चूक नाही. हलवाहलवीचा कमिट (नोंदवलेला बदल) एकटा ठेव, त्यात एक स्पेससुद्धा बदलू नको. मग गिट डिफला कलर-मूव्ह्ड लावलं की नुसत्या हलवलेल्या ओळी वेगळ्या रंगात येतात आणि खरंच बदललेलं उठून दिसतं. ब्लेमला (कुठली ओळ कोणी लिहिली ते दाखवणाऱ्या गिटच्या कमांडला) मायनस कॅपिटल एम दिलं की फाइलच्या आत हललेल्या ओळी मूळ माणसाच्या नावावर राहतात, नाहीतर पुढची दहा वर्षं राउंडिंगच्या प्रत्येक बगसाठी तुला फोन.

सेमीकोलन_हरवला

अपडेट देतो, गुरुवारपर्यंतचा.

पीआर मोडून दोन केले. पहिल्यात फक्त हलवाहलवी, डेकोरेटर आणि कॉन्स्टंट वर, बाकी वरून खाली. कामाचे तीन गट पाडले, बिल, पीडीएफ, मेल, आणि प्रत्येक गटाच्या आत बोलावण्याच्या क्रमाने. म्हणजे मधुघट यांचं ताट आणि ताटाच्या आत माझी उतरंड. अल्फाबेटिकल कुठेच नाही, सॉरी अनुस्वार, पण एरर कोडची जी मोठी डिक्शनरी आहे ती लावली अल्फाबेटिकल, तिथे खरंच कॉन्फ्लिक्ट यायचे. सजावट काढली. कंट्रोल-क्लिकवाल्या सीनियरला कानसेन यांची पोस्ट वाचून दाखवली, तो काही बोलला नाही, संध्याकाळी पीआर अप्रूव्ह झालेला दिसला.

दुसरा पीआर "टेम्प" काढायचा होता. अख्ख्या रेपोत (प्रोजेक्टच्या सगळ्या कोडमधे) त्याला कोणी बोलावत नाही, तीनदा ग्रेप केलं. तरी काकांचा किस्सा डोक्यात होता म्हणून सर्व्हरवर जाऊन क्रॉनटॅब (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) बघितला. महिन्याच्या एक तारखेला पहाटे अडीच वाजता कोणीतरी थेट नावाने "टेम्प" चालवतंय. ते काय करतं ते वाचलं, दोनदा वाचलं, कळलं नाही. लावणारा माणूस २०१९ मधेच सोडून गेलाय.

आता ते फाइलच्या तळाशी एकटंच आहे. कुठल्या गटात टाकू?

जुनं_खोड

कुठल्याच नको. एक तारखेला अडीच वाजता जागा राहा आणि बघ.